सर्व्हरांमधील सुरक्षित जोडणी आणि होस्टनेमची पडताळणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील पतसंस्था, हॉटेले, शाळा आणि लहान कारखाने यांचे सर्व्हर सांभाळणाऱ्यांकडून आमच्याकडे सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. ब्राउझरमधल्या कुलपाच्या चिन्हाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे विषय आहे तो एक सर्व्हर दुसऱ्या सर्व्हरशी बोलतो तेव्हाचा, म्हणजे इशारा वाचायला समोर माणूसच नसतो तेव्हाचा. नमुन्याची नावे 'एक्झाम्पल' या उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्या डोमेनखाली घेतली आहेत. आज्ञा व सेटिंगांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फायलीत ती अर्थातच रोमी लिपीत लिहावीत.

१. आमच्या दोन सर्व्हरांमधील जोडणी टीएलएसने (जोडणी सुरक्षित करण्याच्या प्रमाणित पद्धतीने) एन्क्रिप्ट केलेली आहे आणि सर्व्हरची ओळख सांगणारे डिजिटल प्रमाणपत्रही खरे आहे. मग होस्टनेम, म्हणजे सर्व्हरचे नेटवर्कवरील नाव, वेगळे तपासण्याची गरज काय?

एन्क्रिप्शनमुळे वाटेवरच्या कोणाला मजकूर वाचता येत नाही, पण पलीकडच्या टोकाला कोण बसले आहे हे त्यातून कळत नाही. ते कळण्यासाठी दोन तपासण्या लागतात आणि त्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. पहिलीत प्रमाणपत्रावरील सहीची साखळी आपण विश्वास ठेवलेल्या एखाद्या प्रमाणन संस्थेपर्यंत पोहोचते का आणि त्याची मुदत उरली आहे का, हे पाहिले जाते. दुसरीत ते प्रमाणपत्र आपण ज्या सर्व्हरकडे निघालो होतो त्याच्याच नावाचे आहे का, हे पाहिले जाते. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावरचा शिक्का अस्सल असला, तरी त्यातला सर्व्हे क्रमांक शेजाऱ्याचा असेल तर त्याच्या भरवशावर कोणी जमिनीचा व्यवहार करत नाही. पहिली तपासणी शिक्क्याची आहे, दुसरी सर्व्हे क्रमांकाची.

आज कोणालाही स्वतःच्या डोमेनसाठी पूर्णपणे वैध प्रमाणपत्र काही मिनिटांत आणि फुकट मिळते. वाटेत घुसलेल्याने असे आपले स्वतःचे प्रमाणपत्र पुढे केले, तर केवळ साखळी तपासणारा क्लायंट (जोडणी सुरू करणारा प्रोग्रॅम) ते निमूटपणे स्वीकारतो आणि डेटाबेसचा पासवर्ड त्याच्या हाती देतो, तोही व्यवस्थित एन्क्रिप्ट करून.

२. या तपासणीत नेमके काय कशाशी ताडून पाहिले जाते?

एका बाजूला असते 'अपेक्षित नाव', म्हणजे क्लायंटच्या सेटिंगमध्ये आपण स्वतः लिहिलेले नाव. दुसऱ्या बाजूला असते प्रमाणपत्रातील 'सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम' या रकान्यातील नावांची यादी. या रकान्याला सगळे 'सॅन' म्हणतात. यादीतले एक जरी नाव जुळले तरी पुरते. लहान-मोठ्या लिपीचा फरक धरला जात नाही, बाकी अक्षर अन् अक्षर जुळावे लागते. आपल्याकडे गावांच्या नावांची रोमी स्पेलिंगे एकाहून अधिक असल्यामुळे हा मुद्दा वाटतो त्याहून जास्त वेळा आडवा येतो : प्रमाणपत्र मागवणाऱ्याने सर्व्हरचे नाव 'मडगाव' असे लिहिलेले असते आणि जोडणी लिहिणाऱ्याने रेल्वेच्या जुन्या पाटीप्रमाणे 'मारगाव' असे. नावाचे स्पेलिंग एकदा ठरवून कागदावर आणावे, हे बरे.

यातील सर्वांत महत्त्वाचा नियम असा की अपेक्षित नाव नेटवर्कने सांगितलेल्या उत्तरातून घ्यायचे नसते. 'डेटा.फोंडा.एक्झाम्पल' हे नाव डीएनएसमध्ये (नावांवरून पत्ते शोधून देणाऱ्या व्यवस्थेत) 'सर्व्हर७.होस्टिंग.एक्झाम्पल' या नावाकडे वळवलेले असेल, तरी पडताळणी पहिल्याच नावाची झाली पाहिजे. डीएनएसचे उत्तर खोटे घालता येते, आणि खोट्या उत्तरातील नाव अपेक्षित मानले तर चोरालाच त्याचे नाव विचारून खात्री करून घेतल्यासारखे होते. आयपी पत्त्यावरून (यंत्राच्या आकड्यांतल्या नेटवर्क पत्त्यावरून) उलटे नाव शोधून तेच तपासणारे प्रोग्रॅम याच कारणाने निरुपयोगी ठरतात.

३. प्रमाणपत्राच्या 'कॉमन नेम'मध्ये नाव अगदी बरोबर आहे, तरीही 'नाव जुळत नाही' अशी चूक का येते?

कारण बहुतेक नवे क्लायंट आता तो रकाना पाहतच नाहीत. कॉमन नेम हा मुळात मोकळ्या मजकुराचा रकाना आहे. त्यात होस्टनेम असेलच असे नाही, आयपी पत्ता की नाव हेही त्यात वेगळे करता येत नाही. २००० सालच्या आरएफसी २८१८ मध्येच (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज) त्याचा वापर जुना ठरवला होता, तरी सवय सुटायला दोन दशके लागली. क्रोमने २०१७ मध्ये ५८व्या आवृत्तीत त्याकडे पाहणे थांबवले, गो भाषेने २०२० मध्ये १.१५ आवृत्तीत, आणि नोव्हेंबर २०२३ च्या आरएफसी ९५२५ ने नावांच्या पडताळणीतून तो पूर्णपणे बाहेर काढला. जुन्या मार्गदर्शिकेतली आज्ञा जशीच्या तशी चालवून केलेल्या प्रमाणपत्रात सॅन नसतो आणि सर्व्हरचे सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर एके दिवशी सगळ्या जोडण्या बंद पडतात. उपाय एकच आहे : सॅनसह नवे प्रमाणपत्र. कॉमन नेमचा एक जिवंत अपवाद प्रश्न १३ मध्ये आहे.

४. आमचे सगळे सर्व्हर एकाच इमारतीत, एकाच स्विचवर आहेत. तरीही?

होय. एकाच स्थानिक नेटवर्कवर दुसऱ्याच्या पत्त्याचा दावा करणे हे मध्येच घुसण्याच्या प्रकारांतले सर्वांत सोपे आहे. किनारपट्टीवरच्या अनेक हॉटेलांत पाहुण्यांचे वाय-फाय आणि हिशेबाचा सर्व्हर यांच्यामध्ये एका नीट न बांधलेल्या स्विचपलीकडे काही नसते. शाखांचे तर बोलायलाच नको : पावसात झाड पडून फायबर तुटली की वाळपईची शाखा दिवसभर कोणाच्या तरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालते, आणि त्या दिवशी 'आपले नेटवर्क' या शब्दांना काही अर्थ उरत नाही.

५. एकच वाइल्डकार्ड (नावात तारांकन असलेले) प्रमाणपत्र घेऊन सगळ्या शाखांना बसवले तर चालेल का?

तांत्रिकदृष्ट्या काही मर्यादेत चालेल. तारांकन फक्त सर्वांत डावीकडच्या भागाच्या जागी येते आणि एकाच भागाला लागू होते. '*.पतसंस्था.एक्झाम्पल' हे 'डिचोली.पतसंस्था.एक्झाम्पल' याला जुळते, 'डेटा.डिचोली.पतसंस्था.एक्झाम्पल' याला जुळत नाही, आणि नुसत्या 'पतसंस्था.एक्झाम्पल' यालाही नाही. हा शेवटचा नियम अनेकांना अनपेक्षित वाटतो. मूळ डोमेनही हवे असेल तर ते सॅनमध्ये वेगळे लिहावे लागते.

आमचे मत मात्र वाइल्डकार्डच्या विरुद्ध आहे. एकच गुप्त किल्ली सगळ्या शाखांच्या यंत्रांवर ठेवावी लागते, आणि काणकोणच्या शाखेतला संगणक चोरीला गेला तर चोराला मुख्य कचेरीचा डेटाबेस म्हणून उभे राहता येते. प्रत्येक सर्व्हरला स्वतंत्र प्रमाणपत्र आपोआप मिळवून देणारी साधने आता सहज उपलब्ध आहेत, आणि ती बसवावीच लागणार आहेत : सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी होत १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार आहे. चवथीच्या सुट्टीत हाताने नूतनीकरण करायला कोण बसणार?

६. आम्ही नावाऐवजी आयपी पत्ता लिहून जोडणी करतो. पडताळणी कशी करावी?

सॅनमध्ये आयपी पत्त्यासाठी वेगळा प्रकार आहे आणि पत्ता त्याच प्रकारात लिहिलेला असावा लागतो. नावाच्या प्रकारात आकडे लिहून ठेवलेले प्रमाणपत्र काही जुन्या क्लायंटना चालत असे, नियमाप्रमाणे ते चालू नये. क्लायंटलाही हा प्रकार समजला पाहिजे : पोस्टग्रेस-एसक्यूएल या डेटाबेसचा क्लायंट सॅनमधील आयपी पत्ते १५व्या आवृत्तीपासून तपासतो. '१९२.१६८' ने सुरू होणाऱ्यासारख्या खासगी पत्त्यांना सार्वजनिक संस्था प्रमाणपत्र देत नाहीत. तेथे स्वतःचीच प्रमाणन व्यवस्था लागते, ती प्रश्न ९ मध्ये पाहावी. आमचा सल्ला असा की आयपी पत्ता टाळावा. राउटर बदलला की पत्ता बदलतो, नाव बदलत नाही.

७. कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये ही पडताळणी आपोआप होते आणि कोठे ती मुद्दाम चालू करावी लागते?

सर्वाधिक पत्रे या प्रश्नाची येतात. उत्तर अस्वस्थ करणारे आहे, कारण ब्राउझरमध्ये जे गृहीत धरता येते ते सर्व्हरच्या जगात बहुतेक ठिकाणी गृहीत धरता येत नाही.

पोस्टग्रेस-एसक्यूएलमध्ये 'एसएसएलमोड' या सेटिंगची मूळ किंमत 'प्रेफर' असते, म्हणजे जमले तर एन्क्रिप्शन, नाही तर साधी जोडणी. 'रिक्वायर' केल्यावर एन्क्रिप्शन सक्तीचे होते, पण प्रमाणपत्राची तपासणी सक्तीची होत नाही. रूट प्रमाणपत्राची (विश्वासू प्रमाणन संस्थेच्या स्वतःच्या प्रमाणपत्राची) फाइल जागेवर असेल तर मात्र जुन्या आवृत्त्यांशी सुसंगती राखण्यासाठी ते 'व्हेरिफाय-सीए'सारखे वागते. 'व्हेरिफाय-सीए' साखळी तपासते, नाव तपासत नाही. नावासकट सगळे तपासणारी किंमत फक्त 'व्हेरिफाय-फुल'. आम्ही पाहिलेल्या बहुतेक सेटिंग फायलींत 'रिक्वायर' असते, आणि ते लिहिणाऱ्याचा समज असतो की काम पूर्ण झाले. १६व्या आवृत्तीपासून 'एसएसएलरूटसर्ट' ला 'सिस्टम' असे दिले की 'व्हेरिफाय-फुल'पेक्षा सैल काही ठेवताच येत नाही, ही चांगली सुधारणा आहे.

माय-एसक्यूएल या डेटाबेसमध्ये याच्या समकक्ष किंमत 'व्हेरिफाय-आयडेंटिटी' आहे. सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना स्वतःच तयार करतो त्या प्रमाणपत्राशी ही किंमत कधीच जमत नाही, कारण त्यात होस्टनेमच नसते.

एनजिन्क्स हा वेब सर्व्हर आपल्या मागच्या सर्व्हरकडे टीएलएसने मागण्या पाठवतो तेव्हा त्याची मूळ भूमिका काहीही न तपासण्याची असते. 'प्रॉक्सी_एसएसएल_व्हेरिफाय' चालू करावे लागते आणि विश्वासू प्रमाणपत्रांची फाइल दाखवावी लागते. त्यातही एक खाच आहे : मागच्या सर्व्हरांचा गट 'बॅकएंड' अशा नावाने बांधलेला असेल, तर एनजिन्क्स प्रमाणपत्रात 'बॅकएंड' हेच नाव शोधतो आणि जोडणी नाकारतो. येथे 'प्रॉक्सी_एसएसएल_नेम' मध्ये खरे नाव द्यावे. चूक पाहून लोक पडताळणीच बंद करतात, ते करू नये.

जावामध्ये वेबपत्ता उघडणारा वर्ग नाव तपासतो, पण थेट सॉकेट उघडला तर तपासत नाही. तेथे 'एंडपॉइंट आयडेंटिफिकेशन अल्गोरिदम' ला 'एचटीटीपीएस' अशी किंमत स्वतः द्यावी लागते. काफ्का या संदेशवहनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हीच किंमत २०१८ मधील २.० आवृत्तीपासून मुळातच चालू आहे. जुन्या नोंदी उतरवून घेणारे तेथे रिकामी किंमत लिहितात आणि ती पुन्हा बंद करतात.

ओपन-एसएसएल या टीएलएसच्या लायब्ररीत नाव तपासण्याची स्वतःची सोय २०१५ च्या १.०.२ आवृत्तीत आली. त्याआधी प्रत्येक प्रोग्रॅमर ती आपापल्या परीने लिहीत असे, किंवा लिहीतच नसे. २०१२ मध्ये टेक्सास आणि स्टॅनफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनी ब्राउझरबाहेरील प्रोग्रॅम तपासले तेव्हा असे कित्येक नमुने सापडले. त्यातला एक लक्षात ठेवण्यासारखा आहे : वेबपत्त्यांवरून डेटा आणणाऱ्या कर्ल लायब्ररीत 'व्हेरिफायहोस्ट' या पर्यायाची योग्य किंमत २ होती, प्रोग्रॅमर मात्र तो हो-नाही प्रकारचा पर्याय समजून 'ट्रू' देत, त्याचे १ होई, आणि १ चा अर्थ होता 'नाव आहे का ते पाहा, जुळते का ते पाहू नका'. चालू करायला गेलेल्यांनी तपासणी बंद केली होती. कर्लने त्याच वर्षी हे वर्तन बदलले.

८. सॉफ्टवेअर पुरवणारा म्हणतो, 'तात्पुरती तपासणी बंद करा, सगळे चालेल.' करावी का?

करू नये. अशी तात्पुरती ओळ फायलीत वर्षानुवर्षे राहते, कारण तिच्यामुळे काही बिघडलेले दिसत नाही. त्याला लेखी विचारावे की प्रमाणपत्रात कोणते नाव आहे आणि क्लायंट कोणते नाव शोधतो आहे. ही दोन नावे शेजारी शेजारी लिहिली की पुढचा उपाय बहुधा उघड असतो : सॅनमध्ये नाव वाढवणे, सेटिंगमधले नाव दुरुस्त करणे, किंवा प्रश्न ११ मधील पद्धतीने अपेक्षित नाव वेगळे देणे.

९. आमच्या सर्व्हरांची नावे अंतर्गत आहेत, बाहेरून दिसत नाहीत. त्यांना प्रमाणपत्र कोठून आणावे?

दोन मार्ग आहेत. आपल्या मालकीचे खरे डोमेन असेल तर त्याच्याखाली अंतर्गत सर्व्हरांना नावे द्यावीत आणि डीएनएसमध्ये नोंद घालून मालकी सिद्ध करण्याच्या पद्धतीने सार्वजनिक प्रमाणपत्र घ्यावे. त्यासाठी सर्व्हर इंटरनेटवर उघडा असावा लागत नाही. मात्र अशी नावे प्रमाणपत्रांच्या सार्वजनिक नोंदवह्यांत कायमची दिसू लागतात. 'पाहुणे-आधार-डेटा' असे नाव सर्व्हरला देण्याआधी विचार करावा.

दुसरा मार्ग स्वतःच्या प्रमाणन संस्थेचा. कोणाच्याच मालकीची नसलेली अंतर्गत नावे सार्वजनिक संस्थांना वर्ज्य आहेत आणि पूर्वी दिलेली तशी प्रमाणपत्रे १ ऑक्टोबर २०१६ पर्यंत रद्द करावी लागली होती. नव्याने नाव निवडताना 'लोकल' हा शेवट टाळावा, तो जवळच्या यंत्रांच्या स्वयंशोधासाठी दिलेला आहे; खासगी वापरासाठी, इंटरनेटवरील नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅनने २०२४ मध्ये 'इंटर्नल' हा शेवट राखून ठेवला आहे. स्वतःची संस्था उभी केली म्हणजे नाव तपासण्यातून सुटका होत नाही. त्या संस्थेने सही केलेला कोणताही यंत्रसंच दुसऱ्याच्या जागी उभा राहू शकतो, म्हणून प्रश्न १ चे उत्तर येथेही तेवढेच लागू आहे.

१०. एसएनआयमध्ये बरोबर नाव पाठवले, म्हणजे पडताळणी झाली ना?

नाही. एसएनआय म्हणजे क्लायंटने सर्व्हरला 'मला अमुक नावाचे प्रमाणपत्र दाखव' असे सांगणे. सर्व्हरने काय दाखवले हे नंतर पाहणे क्लायंटचेच काम आहे.

११. एसएसएच टनेलमधून (दुसऱ्या यंत्रापर्यंत नेणाऱ्या एन्क्रिप्ट केलेल्या मार्गातून) 'लोकलहोस्ट'ला, म्हणजे आपल्याच यंत्राला, जोडतो तेव्हा नाव जुळत नाही. आता काय?

येथे 'कोठे जोडायचे' आणि 'कोणाची अपेक्षा आहे' हे दोन प्रश्न वेगळे होतात, आणि चांगली साधने ते वेगळे ठेवू देतात. पोस्टग्रेसमध्ये 'होस्ट' ला खरे नाव आणि 'होस्टअ‍ॅडर' ला १२७.०.०.१ (आपल्याच यंत्राचा पत्ता) द्यावे, जोडणी टनेलमधून जाते, पडताळणी खऱ्या नावाची होते. कर्लमध्ये 'कनेक्ट-टू' हा पर्याय तेच करतो. अशी सोय नसेल तेथे त्या यंत्राच्या 'होस्ट्स' फायलीत (नावे आणि पत्ते यांच्या स्थानिक यादीत) खऱ्या नावापुढे १२७.०.०.१ लिहिता येते, पण ती ओळ टनेलबरोबर काढायला विसरू नये. मुख्य सर्व्हर पडल्यावर दुसरा पुढे येतो अशा रचनेत मात्र उपाय प्रमाणपत्रात आहे : दोन्ही यंत्रांच्या सॅनमध्ये सेवेचे सामायिक नाव आणि आपले स्वतःचे नाव, अशी दोन्ही असावीत.

१२. तपासणी खरोखर चालू आहे याची खात्री कशी करावी?

जोडणी यशस्वी झाली यावरून काहीच सिद्ध होत नाही. ती चुकीच्या नावाने अयशस्वी होते का, हे पाहावे लागते. क्लायंटच्या यंत्रावर 'होस्ट्स' फायलीत 'खोटे.एक्झाम्पल' या नावापुढे खऱ्या सर्व्हरचा पत्ता लिहावा आणि आपल्याच प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये ते नाव घालून जोडून पाहावे. जोडणी झाली, तर तपासणी बंद आहे.

प्रमाणपत्र बरोबर आहे का, हे पाहण्यासाठी ओपन-एसएसएलची 'एस_क्लायंट' ही आज्ञा वापरावी. ती नाव आपणहून तपासत नाही, आणि चूक सापडली तरी पुढे चालू राहते. 'व्हेरिफाय_होस्टनेम' बरोबर नाव द्यावे आणि 'व्हेरिफाय_रिटर्न_एरर' ही जोडावे. नाव जुळले नाही तर ६२ हा क्रमांक दिसतो, आयपी पत्ता जुळला नाही तर ६४. 'सर्व्हरनेम' हा पर्याय फक्त एसएनआयचा आहे. तो देऊन शून्य क्रमांक आला म्हणून समाधान मानणाऱ्यांनी प्रश्न १० पुन्हा वाचावा. पोस्टग्रेसच्या ५४३२ पोर्टवर हीच चाचणी करताना 'स्टार्टटीएलएस पोस्टग्रेस' जोडावे लागते.

१३. दोन्ही बाजूंनी प्रमाणपत्रे वापरतो. मग सर्व्हरनेही क्लायंटचे होस्टनेम तपासावे का?

सहसा नाही. सर्व्हर कोणाकडे निघालेला नसतो, म्हणून त्याच्यापाशी प्रश्न २ मधल्या अर्थाचे अपेक्षित नावच नसते. त्याने पाहायचे असते ते हे, की या प्रमाणपत्राच्या धारकाला आपण परवानगी दिली आहे का. म्हणजे मान्य नावांची यादी हवी. नुसती साखळी तपासून आत घेतले, तर त्या संस्थेने सही केलेला प्रत्येक जण आत येतो. पोस्टग्रेसमध्ये 'क्लायंटसर्ट' ला 'व्हेरिफाय-फुल' दिले की प्रमाणपत्रातले कॉमन नेम डेटाबेसच्या वापरकर्त्याच्या नावाशी ताडले जाते, आणि हाच प्रश्न ३ मध्ये सांगितलेला अपवाद. या कामासाठी सार्वजनिक प्रमाणपत्रे वापरू नयेत. क्लायंट म्हणून ओळख देण्याचा हेतू आपल्या प्रमाणपत्रांतून काढून टाकत असल्याचे लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेने २०२५ मध्ये जाहीर केले आहे.

१४. मेल सर्व्हरांमध्ये नाव कोणते तपासायचे?

पोस्टफिक्ससारखे मेल सर्व्हर साधारणपणे जमेल तसे एन्क्रिप्शन करतात आणि नाव तपासत नाहीत. कारण पलीकडच्या सर्व्हरचे नाव डीएनएसच्या एमएक्स नोंदीतून (डोमेनची मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यावी हे सांगणाऱ्या नोंदीतून) मिळते, आणि प्रश्न २ च्या नियमाप्रमाणे ते अपेक्षित नाव मानता येत नाही. ही फट बुजवण्यासाठी २०१५ मध्ये सहीयुक्त डीएनएसवर उभी असलेली 'डेन' पद्धत मेलसाठी प्रमाणित झाली आणि २०१८ मध्ये 'एमटीए-एसटीएस'. आपली सगळी मेल एकाच ठरलेल्या रिले सर्व्हरमार्फत जात असेल तर गोष्ट सोपी आहे : नाव आपणच लिहिलेले असते, म्हणून सुरक्षेची पातळी 'सिक्युअर' ठेवावी.

१५. आमचे डोमेन देवनागरीत, '.भारत'खाली आहे. प्रमाणपत्रात नाव देवनागरीत असते का?

नसते. ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेला देवनागरी '.भारत' हा शेवट मराठी आणि कोंकणीसह आठ भाषांसाठी आहे, पण डीएनएस आणि प्रमाणपत्र या दोहोंत त्याचे रोमी अक्षरांतले रूप असते. त्यातला प्रत्येक देवनागरी भाग एक्स, एन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होतो. तुलना त्याच रूपांची होते. काही लायब्रऱ्या देवनागरी नाव तुलनेआधी स्वतः बदलून घेतात, काही घेत नाहीत, त्यामुळे तेच नाव एका प्रोग्रॅमला चालते आणि दुसऱ्याला नाही असा अनुभव येतो. सर्व्हरांच्या सेटिंग फायलींत बदललेले रोमी रूपच लिहावे आणि शेजारी टिप्पणीत देवनागरी नाव नोंदवावे, म्हणजे पुढे फाइल उघडणाऱ्याला ती अक्षरे कोणाची आहेत हे कळेल.